मामाचं गाव, धुक्यात

२०२४च्या जूनमध्ये मी लेकीच्या बाळंतपणासाठी अलास्कात, अँकरेजला गेले. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, सुंठीची पूड आणि दुपट्यांसाठी माझ्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. लेकीला तेवढी रजा मिळणार नव्हती, म्हणून माहेरच बॅगा भरून तिच्याकडे निघालं.

नात जूनअखेरीस झाली. ऑगस्ट सरत आला तशी घराची घडी बसली. रात्रीचं रडणं जावयाने स्वतःकडे घेतलं होतं. तिला खांद्यावर टाकून तो स्वयंपाकघरात येरझारा घालायचा आणि मी लाडू वळता वळता ऐकत राहायची. एका सकाळी म्हणाला, “आई, आता चार दिवस तुमचे. पक्षी बघून या.” दर हिवाळ्यात आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर मी कुरव मोजते, वहीत तारखेनिशी लिहून ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. पूर्वी शाळेतली मुलं बरोबर असायची, आता एकटीच जाते. त्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं तिथे मला नुसता निळा समुद्र दिसला. चष्मा लावून पाहिलं तेव्हा त्या निळ्यात दोन ठिपके सापडले. प्रिबिलॉफ बेटं.

सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज ही वस्तीची दोन बेटं, बाकी ऑटर, वॉलरस वगैरे लहान बेटं नि खडक. बेरिंग समुद्राच्या मधोमध, अँकरेजपासून जवळजवळ १,२०० किलोमीटरवर. छोटं विमान जातं, तेही धुकं परवानगी देईल तेव्हा. उन्हाळ्यात तिथली हवा त्या थंड पाण्यापेक्षा जरा उबदार असते, त्यामुळे समुद्रावर धुक्याची गोधडी पसरलेलीच असते. आमचं विमान पहिल्या दिवशी गेलंच नाही. विमानतळावरच्या बाकावर बसून मी जावयाने दिलेली माहितीची पानं चाळत होते, आणि त्यात एके ठिकाणी थबकले.

या बेटांना प्रिबिलॉफ हे नाव मिळालं ते गाव्रिल प्रिबिलॉफ या नाविकावरून. रशियन कंपन्यांसाठी सीलची कातडी शोधत तो १७८६ साली सेंट जॉर्जला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉलला पोचला. पण दक्षिणेला अल्युशियन बेटांवर हजारो वर्षं राहणाऱ्या उनांगन लोकांना ही बेटं गोष्टीतून माहीत होती. उनिमाक बेटावरच्या एका म्होरक्याचा मुलगा वादळात सापडला. जीव वाचवायला उत्तरेकडे वल्हवत राहिला. वारा पडला, पण धुकं इतकं दाट की दिशाच कळेना. मग कुठून तरी सीलांचा कल्लोळ ऐकू आला, त्या आवाजाच्या रोखाने तो गेला आणि किनाऱ्याला लागला. त्या भूमीचं उनांगन नाव अमिक. अर्थ, आईच्या भावाची भूमी.

म्हणजे मामाचं गाव!

मी ते वाक्य दोनदा वाचलं. शेजारी बसलेल्या बाईंना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? मामाचं गाव म्हटल्यावर आपल्या मनात काय काय उभं राहतं, मे महिना, आंबे, मागीलदार, आजीचा आवाज, हे सगळं त्यांना कुठून सांगायला सुरुवात करायची? आणि आईचं माहेर तेच मुलाचं मामाचं गाव, हे तर आपल्याकडे समजावून सांगावंच लागत नाही. त्या चार दिवसांत मी जे जे पाहिलं ते या एका नावातूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान सेंट पॉलला उतरलं तेव्हा अंगाला लागला तो वारा, आणि पाठोपाठ वास. ओलं गवत, सीलांचा उग्र दर्प, त्यात कड्यांवरून येणारा विष्ठेचा आंबूस वास. बेटावर झाड एकही नाही. गुडघाभर गवत, मॉस, काळे ज्वालामुखीचे दगड, मधूनमधून तळी. गाव एकच, चारशेच्या आसपास माणसांचं, डोंगरउतारावर रंगीत घरं आणि ऑर्थोडॉक्स चर्च. आमची वाटाड्या तिथलीच, पंचविशीतली उनांगन मुलगी. तिने गाडी थेट रिज वॉल नावाच्या कड्याकडे घेतली. म्हणाली, उजेड आहे तोवर बघून घ्या, जेवण पळून जात नाही. हे अगदी आमच्याकडच्या माणसासारखं बोलली.

कड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली पाहायचं असतं. मी तशी पडले. या वयात पालथं पडणं सोपं नाही आणि उठणं तर त्याहून नाही, पण एकदा खाली नजर गेली आणि उठायची इच्छाच राहिली नाही.

कडा म्हणजे पक्ष्यांची चाळ होती. मजल्यांवर मजले, प्रत्येक मजल्यावर बिऱ्हाडं, आणि प्रत्येक बिऱ्हाडाची शेजाऱ्याशी जागेवरून भांडणं. सगळ्यात अरुंद जागी, जिथे माझी चार बोटं मावली नसती, तिथे चिखल-गवताची वाटी डकवून किटिवेक बसलेले. हा कुरवांपैकीच, पण आपल्या किनाऱ्यावरच्या कुरवांसारखा बंदराभोवती घुटमळणारा नव्हे, खुल्या समुद्रातला. स्वतःचं नाव स्वतःच ओरडतो, किटी-वेऽऽक, किटी-वेऽऽक. बहुतेकांचे पाय काळे. वाटाड्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून एका बाजूला दाखवलं. एक पक्षी उभा राहिला, पंख ताणले, आणि पोटाखालून दिसले शेंदरासारखे लालभडक पाय.

लाल पायांचा किटिवेक जगात फक्त बेरिंग समुद्राच्या आसपास घरटी करतो. प्रिबिलॉफ, अल्युशियनमधली बोगोस्लॉफ, बुल्डिर अशी थोडी बेटं, आणि रशियाच्या बाजूची कमांडर बेटं. संपला हिशेब. त्यातही तीन चतुर्थांशांच्या आसपास पक्षी एकट्या सेंट जॉर्जच्या कड्यांवर. सेंट पॉलवर थोडेच. याचे डोळे काळ्या पायांच्या भावापेक्षा मोठे असतात, कारण तो रात्री जेवतो. दिवसा खोल पाण्यात राहणारे, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले छोटे मासे रात्री वर येतात, ते हा टिपतो. मी त्याच्या डोळ्याकडे दुर्बिणीतून इतका वेळ पाहत राहिले की माझ्याच डोळ्यात पाणी आलं. वाऱ्याने असेल.

किटिवेकांच्या खालच्या मजल्यांवर, उघड्या दगडाच्या फळीवर, खांद्याला खांदा लावून उभे होते ते काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे पक्षी. अमेरिकेत त्यांना मर म्हणतात. मला ते नाव तोंडातून काढवेना. आपल्या भाषेत कुणा जिवाला हाक मारायचा हा शब्दच नव्हे. ब्रिटनमध्ये याच पक्ष्यांना गिलिमॉट म्हणतात असं कळलं, तेव्हापासून माझ्या वहीत ते गिलिमॉट आहेत, आणि इथेही तेच लिहिते. बेटांवर दोन जातींचे आहेत, साधे आणि जाड चोचीचे. घरटं हा प्रकार दोघांनाही माहीत नाही. मादी उघड्या दगडावर एक अंडं घालते, एकच, एका टोकाला निमुळतं. कुणाचं निळसर, कुणाचं हिरवट, कुणाचं पांढरट, त्यावर शाई सांडून कुणी गिरगटून ठेवावं तशा रेघा. दोन अंडी एकसारखी नसतात. त्या गर्दीत आईबाप आपलं अंडं नक्षीवरून ओळखतात. पिल्लू कवचातूनच आवाज देऊ लागतं, बाहेर येण्याआधीच त्याची आणि आईबापाची ओळख झालेली असते.

अंडं गडगडून पडू नये म्हणून ते असं निमुळतं, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते. पण अलीकडचे अभ्यासक म्हणतात की उतरत्या दगडावर त्या आकाराचं अंडं मुळात जागचं हलत नाही, स्थिर बसतं. दोन्हीत फरक आहे. आता परत वर्ग मिळाला तर नीट सांगेन.

शेंडीवाल्या पफिनबद्दल किती लिहू? काळं अंग, पांढरा चेहरा, जाडजूड केशरी चोच, आणि डोळ्यांमागून मानेवर रुळणाऱ्या दोन पिवळ्या शेंड्या. वाऱ्यावर त्या उडतात तेव्हा तो शेंडी सोडून बसलेल्या बटूसारखा दिसतो. चोचीत आडवे मासे धरून तो कपारीत शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला, पुन्हा समुद्राकडे. आत पिल्लू होतं. दुसरा तो शिंगाळा पफिन, पोटाने पांढरा. फुलमार होते, लाल तोंडाचे पाणकावळे होते. ऑकलेट मात्र निघून गेले होते. मूठभर आकाराचे हे पक्षी लाखांनी दगडांच्या फटींतून राहतात, सगळ्यात लहान जातीला तिथले लोक लाडाने चूचकी म्हणतात, आणि तुऱ्याच्या ऑकलेटच्या मानेला चक्क संत्र्याच्या सालीचा वास येतो. मी उशीर केला. त्यांची बाळंतपणं आटोपून त्या माहेरवाशिणी ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रावर परतल्या होत्या.

माहेरवाशिणी हा शब्द मी विचार करून वापरते आहे. कारण हे सगळे पक्षी समुद्राचे. त्यांचं घर पाण्यावर. वादळ, अंधार, बर्फाळ पाऊस, सगळं ते पाण्यावरच सोसतात. पफिनचं पिल्लू एकदा समुद्रात उतरलं की पुढे काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. जमिनीकडे यावं लागतं ते एकाच कामासाठी, कारण अंडं पाण्यावर घालता येत नाही. आमच्या वेळासच्या किनाऱ्यावर येणारी कासवीण तरी दुसरं काय करते? या बेटांजवळ समुद्राचा उथळ तळ संपून खोल दरी सुरू होते. त्या कडेवर खालचं सकस पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म जीव, त्यांच्यावर मासे. शेजारी भरलेलं कोठार आणि वर चढायला अवघड कडा. बाळंतिणीला आणखी काय हवं? १९७०च्या दशकातल्या गणतीत एकट्या सेंट जॉर्जवर २५ लाखांच्या घरात पक्षी मोजले गेले. आमच्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय घरटी करतात याचं मला केवढं कौतुक. इथे तर आख्खं बेटच.

पण मामाच्या गावाला मामाही असतो, कायमचा तिथेच राहणारा. पाहुणे येतात, उन्हाळा गाजवतात, जातात, आणि पावसाळा-हिवाळा घर सांभाळतो तो मामाच. प्रिबिलॉफवरचा तो मामा म्हणजे जमिनीवरचे काही पक्षी. घरटी करणारे गाणारे पक्षी तिथे जेमतेम चार जातींचे: बर्फाळ मुलखातला पांढरा भारीट, लॅपलंडचा लाँगस्पर, राखी टोपीची रोझी फिंच आणि रेन नावाचा बोटभर पक्षी.

रोझी फिंच मला मुक्कामाच्या घराच्या वळचणीलाच भेटली. तपकिरी अंग, पोटावर नि पंखांवर गुलाबी झाक, डोक्याला राखाडी पट्टा. आपल्या चिमणीसारखी ती माणसांच्या घरांच्या भेगांतही घरटं करते. अलास्काच्या मुख्य भूमीवरच्या तिच्या बहिणींपेक्षा ही बेटावरची वजनाने जवळजवळ दुप्पट. थंडीशी गाठ आहे ना, अंगात जरा माल हवाच. समुद्रपक्षी गेले, धुकं गेलं, वारा आणि बर्फ राहिलं तरी ही जात नाही. आणि रेन, तो सेंट जॉर्जवरचा. वजन दहा-बारा ग्रॅम. तिथली ही पोटजात जगात दुसरीकडे नाही. कडाक्याच्या हिवाळ्यानंतर त्यांची संख्या एकदम खाली येते, मग उरलेल्यांतून हळूहळू पुन्हा भरते. तो मला दिसला नाही, कारण मी सेंट जॉर्जला गेलेच नाही. पण दहा ग्रॅमचा एक जीव बेरिंग समुद्राच्या हिवाळ्यात दगडाच्या फटीत तग धरून आहे, हे मी रात्री पांघरुणात शिरताना रोज आठवत होते.

आणखी एक पोटजात अर्धी घरची, अर्धी बाहेरची. प्रिबिलॉफची खडक-तुतारी, किनाऱ्यावरचा एक छोटा पक्षी. ती घरटं करते ते इथे आणि उत्तरेकडच्या सेंट मॅथ्यू नि हॉल बेटांवर, बस. एकूण वीस हजारांच्या आसपास पक्षी. त्यातले बरेचसे हिवाळा काढतात तो अँकरेजच्या आखाताच्या बर्फाळलेल्या चिखलात, जिथे चिखलातलं खायचं तर आधी बर्फ हटायला हवा. माझी नात जन्मली त्या आखातावर हे पक्षी हिवाळ्याला येतात, याचा मला विनाकारण अभिमान वाटला.

या जमिनीवर अडकून राहण्याचं एक जुनं उदाहरणही तिथे आहे. हिमयुग संपून समुद्र चढला, आजूबाजूची जमीन बुडाली, आणि सेंट पॉलवर मॅमथ अडकले. जगभरातले बहुतेक मॅमथ संपल्यावरही ते इथे हजारो वर्षं टिकले. साधारण ५,६०० वर्षांपूर्वी तेही संपले. तळ्याच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्यांनी कारण काढलं, गोडं पाणी आटलं. चहूबाजूंनी समुद्र आणि प्यायला पाणी नाही.

माणसांचं सांगायचं तर उनांगन इथे स्वखुशीने राहायला आले नव्हते. रशियनांनी त्यांना सीलांच्या शिकारीसाठी अल्युशियन बेटांवरून आणून वसवलं. १८६७ साली अलास्का अमेरिकेने विकत घेतला, तेव्हा ही माणसं आणि सीलांचा धंदा दोन्ही नव्या सरकारच्या हाती गेले. १९४२च्या जूनमध्ये जपानी फौजा अल्युशियनमध्ये उतरल्या आणि प्रिबिलॉफच्या सगळ्या माणसांना घाईघाईने आग्नेय अलास्कात, फंटर बेवरच्या मासे डबाबंद करायच्या जुनाट कारखान्यात नि खाणीच्या ओसाड इमारतीत नेऊन ठेवलं. झाडं कधी न पाहिलेली माणसं दाट जंगलात. गोवर, न्यूमोनिया, अशुद्ध पाणी. म्हातारी माणसं आणि लहान मुलं गेली. १९४४मध्ये उरलेले परत आले ते लुटलेल्या घरांत. आमची वाटाड्या हे सांगताना गाडी चालवत होती आणि मागे वळून पाहत नव्हती. परत कुठे यायचं तर इथेच, एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या रेडिओवर खरखर झाली आणि ती ओरडलीच. तळ्याकाठी काहीतरी आलं होतं. वाऱ्याने भरकटलेले आशियातले पक्षी या बेटांवर उतरतात आणि अमेरिकेतले पक्षीनिरीक्षक त्यासाठीच इतक्या लांब येतात. लपायला झाड नसल्यामुळे ते पुचकीच्या, म्हणजे तिथल्या रानटी सेलरीच्या, गचपणात नाहीतर खेकड्यांच्या सापळ्यांच्या ढिगाऱ्यांत सापडतात. आम्ही सगळे धावलो. दुर्बिणी, तिकाट्या, कुजबुज. मी मागे होते, माझी पाळी आली तेव्हा डोळा लावला.

चिखलात एक पक्षी शेपटी हलवत चालत होता. पाठीवर पांढरे ठिपके, डोळ्यावर फिकी भुवई, पिवळसर पाय. तो उडाला आणि चिफ-इफ-इफ असा ओरडला, आणि मी मोठ्याने म्हणाले, “अगं, ही तर आमची ठिपकेवाली तुतारी!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इंग्रजीत सांगितलं की भात कापल्यावर आमच्या घरामागच्या खाचरात या रोज असतात, मी धुणं वाळत घालताना त्यांना पाहते. ओरेगॉनहून आलेले एक आजोबा गेली कित्येक वर्षं हा पक्षी पाहायची वाट पाहत होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ते आनंदाने रडत होते, मला वेगळंच काही होत होतं. ती त्या वर्षीचीच, पहिल्यांदा स्थलांतराला निघालेली होती. सैबेरियात कुठेतरी अंड्यातून निघाली असेल. तिला जायचं होतं दक्षिणेला, कोण जाणे, कोकणात किंवा बर्मा-मलायात. वाऱ्याने इकडे आणून टाकली. दोन तास ती खात होती. दुपारी धुकं उतरलं, विरलं, तेव्हा ती नव्हती.

आता जे लिहायचं आहे ते मी टाळत आले आहे.

वाटाड्याने एक किनारा दाखवला, काळ्या वाळूचा. २०१६च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून तिथे आणि आसपासच्या किनाऱ्यांवर मेलेले पफिन लागू लागले. ऑक्टोबरात पफिन बेटाजवळ असायलाच नको, तो दूर समुद्रावर असतो. गावातल्याच लोकांनी, त्यांच्या आदिवासी सरकारच्या निसर्ग विभागाने, दिवसेंदिवस किनारे चालून त्यांची नोंद ठेवली. जानेवारीपर्यंत साडेतीनशेहून जास्त पक्षी सापडले, बहुतेक शेंडीवाले पफिन, काही तुऱ्याचे ऑकलेट. लाटांनी किती आणले आणि किती नेले याचा हिशेब मांडून अभ्यासकांनी अंदाज केला, ३,१५० ते ८,८०० पक्षी मेले. अंगात चरबीचा कण नाही. बरेचसे मोठे, पिसं बदलत असलेले. पफिन उडायची पिसं एकदम टाकतो, तेव्हा त्याला काही दिवस उडता येत नाही. नेमक्या त्या दिवसांत आसपास खायला नव्हतं, आणि लांब जाता येत नव्हतं.

कारण समुद्रच तापला होता. बेरिंग समुद्रात हिवाळ्याचा बर्फ कमी धरला तर त्या बर्फाच्या जिवावर वाढणारे चरबीदार सूक्ष्म जीव घटतात, मग त्यांच्यावरचे मासे हाडकुळे होतात, आणि पक्षी चोच भरून आणतो तरी पोट भरत नाही. त्यापुढच्या उबदार वर्षांत रिज वॉलसारख्या कड्यांवर गिलिमॉट आणि किटिवेकांची पिल्लं जवळजवळ निघालीच नाहीत. पक्षी आले, उभे राहिले, गेले. सबंध अलास्कात २०१४ ते २०१६च्या उष्ण लाटेत साधे गिलिमॉट किती मेले त्याचा पक्का हिशेब मी भारतात परतल्यावर डिसेंबरात जाहीर झाला. चाळीस लाख. निम्मे. तो आकडा वाचला तेव्हा त्या पक्ष्याचं अमेरिकन नाव मला आठवलं आणि मी पान मिटलं.

माहेरी अवेळी, न कळवता, सामान न घेता लेक दारात उभी राहिली तर आई आधी काय विचारते? काहीच विचारत नाही. पाण्याचा तांब्या पुढे करते. त्या काळ्या वाळूवर ऑक्टोबरात येऊन पडलेल्या पफिनांना द्यायला कुणाकडे काहीच नव्हतं. तरी गावातल्या माणसांनी एकेक उचलला, मोजला, त्याची चोच मापली, तारीख लिहिली. मी वहीत कुरव मोजते तेव्हा आजूबाजूचे हसतात. ते मला आता लागणार नाही.

आणखी एक धास्ती मी तिथे होते तेव्हा ताजीच होती. जूनमध्ये एका रहिवाशाने उंदीर पाहिल्याचं कळवलं होतं. एक उंदीर! आपल्याकडे कुणी मान वर करून पाहणार नाही. तिथे आख्खं बेट शोधाला लागलं होतं. इमारतींखाली रांगत जाऊन पाहणं, कॅमेरे, कुरतडायला ठेवलेल्या मेणाच्या वड्या. वास काढायला कुत्रा आणावा तर सीलांच्या रक्षणासाठी बेटांवर कुत्र्यांना १९७६पासून बंदी. उंदीर दगडाच्या फटीत शिरतो, अंडी खातो, पिल्लं खातो, बसलेली चूचकीसुद्धा मारतो. अल्युशियनमधल्या एका बेटावर अठराव्या शतकात फुटलेल्या जहाजातून उंदीर उतरले आणि त्यांनी ते असं रिकामं केलं की त्याचं नावच रॅट आयलंड पडलं. २००८ साली हेलिकॉप्टरने विष टाकून ते उंदीर संपवले. त्या विषाने कितीतरी गरुड आणि कुरवही दगावले, ही बाजू लपवायची नाही. पण पुढे पक्षी परत येऊ लागले, आणि २०१२मध्ये बेटाला त्याचं उनांगन नाव परत मिळालं, हावाडाक्स. कड्यावर पोचायला जो शत्रू पंख नसल्यामुळे असमर्थ होता त्याला आपण जहाजात घालून नेतो. हे वाटाड्याचे शब्द नाहीत, माझे आहेत. ती फक्त गाडीच्या टपातला सापळा रोज तपासायची.

शेवटच्या रात्री दहा वाजता आम्ही पुन्हा कड्यावर गेलो. तिथे ऑगस्टअखेरीस दहालाही उजेड असतो, मग तो निळा होत होत विझतो. गिलिमॉटांची पिल्लं याच वेळी उडी मारतात.

तीन आठवड्यांचं पिल्लू, अजून उडायची पिसंही नीट आलेली नाहीत. फळीच्या टोकाशी ते पुढे यायचं, मागे जायचं. अंगात कंप. खालच्या पाण्यातून बाप हाक मारतो, जाड, घोगऱ्या आवाजात. वरून पिल्लू ओ देतं, बारीक शिटीसारखं. आई शेजारी उभी. पायथ्याशी खडकांवर करड्या रंगाचा कोल्हा बसलेला, कारण पाण्याऐवजी दगडावर पडलेलं पिल्लू त्याचं. मी माझी बोटं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवली होती. पिल्लू मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. आणि मग छाती पुढे काढून, आखूड पंख फडफडवत, सरळ खाली.

पाण्यावर पडलं. कुणीतरी माझ्या शेजारी श्वास सोडला. गडद पाण्यात एक मोठा ठिपका एका लहान ठिपक्याजवळ गेला, दोघांनी चोची लावल्या, आणि ते समुद्राकडे पोहत निघाले. पुढचा महिना-दोन महिने बापच त्याला भरवणार. धुकं आलं तशी ती जोडी दिसेनाशी झाली. मग नुसते आवाज येत राहिले, एक जाड, एक बारीक, जाड, बारीक, दूर दूर जाताना.

सकाळी विमानाआधी तासभर होता. मी वाटाड्याला म्हटलं, पाच मिनिटं. ती काही न बोलता कड्याकडे वळली. रात्रीची ती फळी मी खुणेच्या पिवळ्या डागावरून शोधली. पिल्लू गेल्यानंतरही मादी काही दिवस त्या जागेवर येत राहते, असं तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

ती होती. रिकाम्या दगडाकडे तोंड करून उभी.